जांभळ्या काड्या

नात्यातल्या पोरांनी तिचं नाव 'जंतूमावशी' पाडलं होतं आणि तिला ते मनापासून आवडायचं. बाईच्या योनिमार्गात राहणारे जिवाणू आणि तिची प्रतिकारशक्ती यांचं एकमेकांशी कसं जमतं, हा तिचा अभ्यास. दुपारी प्रयोगशाळेतली जिवाणू वाढवायची उबदार पेटी मंद गुणगुणत असायची. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की रंगवलेल्या काचपट्टीवर चांगल्या जिवाणूंच्या जांभळ्या काड्या दिसायच्या, संथ पाण्यावर गवत पसरावं तशा. बघता बघता तिला स्वतःचं वजनच जाणवेनासं व्हायचं. कुणी हाक मारली की दचकायची.

अडचण एकच. तपासायला योनिस्रावाचे नमुने द्यायला बायका तयार होईनात. ही समजावायला गेली की त्या नजर चुकवून उठायच्या.

मग तिची धाकटी बहीण मदतीला आली. धाकटीला दिवस राहायचे आणि गर्भ पडायचा. पाठोपाठ असंच झालेलं. तिने आधी स्वतःचा नमुना दिला आणि दवाखान्याच्या बाकावर इतर बायकांत जाऊन बसली.

"अगं, लाजायचं काय त्यात? आत कोण राहतंय ते बघू तरी! भाडं तर देत नाहीत मेले," ती म्हणायची आणि बाकावर हशा पिकायचा.

नमुने जमत गेले. गर्भ पडलेल्या पुष्कळ जणींमध्ये जांभळ्या काड्या विरळ होत्या, भलत्याच जिवाणूंची गर्दी होती आणि पांढऱ्या पेशी खवळलेल्या होत्या. धाकटीचंही तसंच.

थोरलीने तिला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. धाकटी बराच वेळ बघत राहिली.

"ताई, सासूबाई म्हणतात, मी नोकरीपायी धावपळ केली म्हणून गेलं."

"नाही गं. धावपळीने नाही."

"मग ह्या जिवाणूंमुळे?"

"ते अजून मलाही कळलेलं नाही. ह्यांचं बिनसलं म्हणून गर्भ गेला, की दोन्हींचं मूळ तिसरीकडेच आहे, तेच शोधतेय."

धाकटीने तिथेच टेबलावर डोकं टेकलं. रडेल असं वाटलं, पण तिला चक्क झोप लागली. थोरली शेजारी बसून राहिली. खिडकीतलं ऊन सरकत सरकत धाकटीच्या केसांवर आलं, पिवळं झालं, विझलं.

संध्याकाळी दोघी चालतच निघाल्या. हवेत पातळ धुकं होतं, दिव्यांभोवती मऊ वलयं उमटली होती आणि रस्ता पायांखालून आपोआप सरकत असल्यासारखा वाटत होता. कोपऱ्यावर धाकटी थांबली.

"पलीकडच्या गल्लीतल्या शिंपीणबाईंचंही असंच झालंय," ती म्हणाली. "उद्या त्यांना घेऊन येते."