नाशिक, दीड तास

जव्हारच्या स्टँडवर मी वीस वर्षं नाशिकची जीप भरतोय आणि वीस वर्षं एकच खोटं बोलतोय. किती वेळ लागेल, असं कोणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं, "दीड तास." खरं सांगितलं तर माणूस एसटीची वाट बघत बसतो. मग घाटात ट्रक अडकला की मागच्या बायका मला यथेच्छ शिव्या घालतात. पुढच्या आठवड्यात त्याच विचारतात आणि मी पुन्हा दीड तास सांगतो.

त्या सकाळी दोनच सीट भरायच्या राहिल्या होत्या. अचानक छातीवर कोणी गुडघा रोवून बसल्यासारखं झालं. डावा हात जड पडला, गार घाम फुटला. पित्त असेल म्हणून सोडा प्यायलो. शेजारीच बायकोची वड्यांची गाडी. तिनं माझं तोंड बघितलं आणि स्टोव्ह बंद केला.

"चला दवाखान्यात."

"अगं, दोनच सीट राहिल्यात!"

तिनं जीपमधली माणसं खाली उतरवली, मला आत बसवलं आणि रांगेत माझ्या मागं नंबर असलेल्या ड्रायव्हरला स्टीअरिंगवर बसवलं.

दवाखान्यात ईसीजी काढला. डॉक्टरीणबाई तरुण, गावात नव्या. म्हणाल्या, "काका, हार्ट अटॅक आहे. रक्ताच्या गुठळीनं हृदयाची वाहिनी बंद झालीय. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन इथं लगेच देता येईल. नाहीतर नाशिकला अँजिओप्लास्टी, म्हणजे फुग्यानं वाहिनी उघडायची. ती जास्त चांगली, पण दोन तासांच्या आत झाली तर. उशीर झाला तर हृदयाचा तेवढा भाग मरत जातो. नाशिकला किती वेळ लागतो?"

"दीड तास," मी म्हणालो. जीभच तशी वळलेली.

बायको कडाडली, "अहो, त्या काय जीपमधली सीट आहेत का? खरं सांगा!"

मी डोळे मिटून तो रस्ता पहिल्यांदाच इमानानं मोजला. मोखाडा, तोरंगणचा घाट, त्र्यंबकची गर्दी, सातपूरचे सिग्नल. "अडीच. तीनही लागतात."

"मग इंजेक्शन," बाई म्हणाल्या. त्यानं रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून आधी विचारून घेतलं: कधी लकवा, नुकतं ऑपरेशन, पोटातून रक्त? यातलं काहीच नव्हतं. सुई टोचली तेव्हा मी भयंकर घाबरलो होतो. बेसनाचा वास येणारा बायकोचा हात मी सोडला नाही. तासाभरानं छातीवरचा गुडघा हळूहळू उठला. नवीन ईसीजी बघून बाई हसल्या. तरी वाहिनी तपासायला नाशिकला जायचंच होतं.

दुपारी अँब्युलन्स आली. ड्रायव्हर पूर्वी आमच्याच लायनीत जीप चालवायचा. बायकोनं त्याला वेळ विचारला.

"दीड तास, वहिनी."

तिनं निघतानाची वेळ मोबाइलवर बघून ठेवली. नाशिकला हॉस्पिटलच्या दारात तिनं मोबाइल माझ्या डोळ्यांपुढं धरला. पावणेतीन तास झाले होते. सकाळपासून न रडलेली ती तिथं ढसाढसा रडली.