रजईची दाढी

नवं मशीन घरात आलं आणि पहिल्याच दिवशी रजईला दाढी आली.

वरून टाके सरळ, एकासारखे एक. रजई उलटी केली की खाली दोऱ्याचे वेटोळे, गुंते, लोंबणारी टोकं. काकूंनी ती दाढी बोटांत धरली, कुरवाळली आणि म्हणाल्या, "हिला न्हाव्याकडे न्यावं लागेल."

मी हसले. त्या हसल्या नाहीत, म्हणून मीही थांबले.

काकू आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. मी वरच्या खोलीत भाड्याने. साहित्यात एम.ए. झाले आहे आणि नोकरी शोधते आहे, म्हणजे बराच वेळ मोकळी असते. काकूंना सगळी इमारत मेजर म्हणते. त्या सैन्यात कधीच नव्हत्या. एका मोठ्या इस्पितळाच्या कपडेखोलीत त्यांची अख्खी नोकरी गेली. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे झगे. हाताखाली शिवणाऱ्या बायका, आणि कामात फक्त सरळ रेषा आणि पांढरा दोरा. निवृत्त झाल्यावर त्यांना वाकड्या रेषा हव्या होत्या आणि रंग हवे होते. म्हणून रजया शिवायचं हे मशीन. लांब मानेचं, पांढरंशुभ्र. खोलीत बगळा येऊन बसल्यासारखं.

तो बगळा त्यांच्या मुलाच्या व्यायामाच्या सायकलच्या जागी बसला. सायकल गॅलरीत गेली आणि तिच्यावर टॉवेल वाळू लागले. सायकल जागेवर होती तेव्हा मुलगा तिच्याकडे ढुंकून बघत नव्हता. जागा गेल्यावर मात्र त्याला व्यायामाची फार ओढ लागली.

दुकानाची बोली अशी होती की महिनाभर वापरा, खोट वाटली तर आमचा माणूस येऊन तपासेल आणि मशीन परत नेईल. मुलाने दाढी बघितली आणि लगेच दुकानात फोन लावला. माणूस शनिवारी येणार असं ठरलं.

"त्याच्यासमोर खालची बाजू स्वच्छ आली तर मशीन तुझं," मुलगा म्हणाला. "नाहीतर ते जाईल आई. मग रुसायचं नाही."

"बरं," काकू म्हणाल्या. कपडेखोलीत साहेबलोकांना त्या अशाच सुरात बरं म्हणत असणार.

काकूंचा पहिला संशय खालच्या दोऱ्यावर. दाढी खाली, म्हणजे चोरही खालीच. त्यांनी बॉबिन काढलं, पुसलं, पुन्हा भरलं. त्याच्या डबीचा इवलासा स्क्रू किंचित पिळून बघितला. सुई बदलली. दर वेळी त्या मला विचारायच्या, "आता कुठला रंग लावू गं?" मी रिळांच्या डब्यात गंभीरपणे बघायचे आणि म्हणायचे, जांभळा. नाहीतर, शेवाळी. त्या म्हणायच्या, "छान." मला बरं वाटायचं. दाढी तशीच राहायची.

मग त्यांनी मशीनची पुस्तिका माझ्या हातात दिली. एवढं शिकलीस, आता वाच, म्हणाल्या. शेवटी तक्रारींचा तक्ता होता. मी तो कवितेसारखा वाचला, म्हणजे सावकाश, आणि कळलं नाही तिथेही मान डोलावत. त्यात लिहिलं होतं की गुंता खाली दिसत असेल तर दोष बहुधा वरच्या दोऱ्याचा असतो. वरचा दोरा दोन चकत्यांच्या चिमटीतून जातो. कापड दाबून धरणारा पाय वर उचलला की त्या चकत्या उघडतात. पाय खाली असताना दोरा ओवला तर तो चिमटीत शिरतच नाही, बाहेर मोकाट राहतो.

मी काकूंच्या हाताकडे बघितलं. त्या पाय खाली टाकूनच दोरा ओवत होत्या.

हे सांगितलं तर त्यांचा चेहरा कठीण झाला. कपडेखोलीत एकदा एका बाईचं बोट सुईखाली गेलं होतं. तेव्हापासून मेजरचा हुकूम होता की सुईजवळ हात न्यायच्या आधी पाय खाली पाडायचा. हा हुकूम न पाळणाऱ्या बाईला त्या दिवसभर नुसती नाडी ओवायला बसवत. तिथल्या जुन्या मशीनना काही फरक पडत नव्हता. त्यांच्या चकत्या बाहेर होत्या, दोरा बोटाने आत दाबता यायचा. इथे चकत्या पोटात होत्या.

"म्हणजे मी माझाच हुकूम मोडायचा?"

"मशीन बंद करून मोडा," मी म्हटलं.

त्यांनी मशीन बंद केलं. प्लगही काढला. मला भिंतीपर्यंत मागे सरकवलं. मग पाय वर उचलून दोरा ओवला, प्लग लावला आणि एक ओळ शिवली. रजई उलटी केली. खालची बाजू गुळगुळीत. दोऱ्याचा ताण ठरवणारं बटण चारवर होतं. काकूंनी त्या चारकडे असं बघितलं, जसं शहाण्या नातवाकडे बघावं.

दुसऱ्या सकाळी पुन्हा दाढी. बटण दोनवर होतं.

हे काम काकांचं. काका आयुष्यभर रेडिओ दुरुस्त करत आले. बटण दिसलं की त्यांचे हात शिवशिवतात. जरा बघितलं, एवढंच म्हणाले. दुपारी मुलगा गॅलरीतून टॉवेल आणायला गेला आणि येताना त्याने बटण थेट वरच्या आकड्यांवर नेलं, कारण मशीन त्याला ढिलं वाटत होतं. दोरा तुटला. संध्याकाळी बापलेकांनी चर्चा करून तिसराच आकडा ठरवला. काकू आधी समजावून बोलल्या, मग ओरडल्या. मग चिठ्ठी लावली, बटणाला हात लावू नये. दोघंही ती वाचायला जवळ यायचे. जवळ आले की हात लावायचे.

मग काकूंनी ओरडणं बंद केलं. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

घरात दोघीच असताना त्यांनी मला हाक मारली आणि विचारलं, "तुझे आकडे वळणदार आहेत का?"

टेबलावर रेडिओचं एक जुनं बटण होतं. तपकिरी, सोनेरी कडेचं. काकूंनी ते लाकडाच्या चकतीवर स्क्रूने बसवलं होतं. आत ब्लाउजच्या टिचबटणाचा तुकडा अडकवला होता, त्यामुळे फिरवलं की टक्क वाजायचं. चकती मशीनच्या कुशीला चिकटवली. भोवती मी आकडे लिहिले, एक ते नऊ. वर सुवाच्य अक्षरात 'ताण'. माझं शिक्षण पहिल्यांदा कुणाच्या तरी कामी आलं. खऱ्या बटणाला काकूंनी फुलाफुलांची टोपी शिवून घातली. धूळ बसू नये म्हणून.

"आणि हे कशाला जोडलंय?" मी विचारलं.

"घरातल्या माणसांना."

तेव्हा त्यांनी कपडेखोलीतल्या पंख्याची गोष्ट सांगितली. एका साहेबाला तिथे गरम व्हायचं, दुसऱ्याला गार. दोघं रोज रेग्युलेटरवरून भांडायचे आणि घड्या घातलेले अभ्रे उडायचे. मेजरने वीजवाल्याला चहा पाजून रेग्युलेटरची तार आतून तोडून पंखा थेट जोडून घेतला. त्यानंतर दोघं साहेब येता-जाता तो फिरवायचे आणि समाधानाने घाम पुसायचे. नाहीतर शाल ओढायचे. काकू निवृत्त झाल्या तेव्हा त्या दोघांनी भाषणं केली. मेजरच्या खोलीत हवा फार चांगली असायची, असं दोघंही म्हणाले.

त्या दिवसापासून रजई सुरळीत चालली. काका येता-जाता टक्क करायचे. मुलगा टक्क करायचा आणि म्हणायचा, आता बघ कसं चाललंय. काकू मान खाली घालून शिवायच्या. त्यांचे खांदे हलायचे. मशीनमुळे हलत असतील, असं बघणाऱ्याला वाटावं.

शनिवारी दुकानाचा माणूस आला. टोपीवाला, हातात अवजारांची पेटी. मुलगा त्याला दाराशीच सगळं सांगायला लागला. काकूंनी रजईचा कोपरा सुईखाली घेतला. त्यांची बोटं थंड पडली होती, हे मला कात्री देताना कळलं. फुलांच्या टोपीखालचं खरं बटण चारवरून कुणी हलवलेलं नव्हतं, पण खाली पाहिल्याशिवाय कशाचाच भरवसा नव्हता.

"पाचवर ठेव," काका म्हणाले आणि टक्क केलं.

"बाबा, सहा." टक्क.

काकूंनी लांबलचक ओळ शिवली, वळण घेतलं, परत आल्या. त्या माणसाने कापड उलटं केलं. अंगठा फिरवला. खालची बाजू स्वच्छ होती. मग त्याची नजर तपकिरी बटणावर गेली. त्याने वाकून बघितलं. असं बटण त्याच्या दुकानातल्या कुठल्याही मशीनला नव्हतं. त्याने ते हळूच फिरवलं. टक्क. बोटाने कडेचा गोंद चाचपला. बटण बनावट आहे असं तो आत्ता म्हणाला असता तर मुलाने मशीन त्याच्या हातात दिलं असतं.

तो काकूंकडे बघत होता. काकू त्याच्याकडे बघत होत्या. कपडेखोलीत नव्याने लागलेल्या बाईकडे त्या तशाच बघत असतील.

"हे साडेपाचवर ठेवा," तो शेवटी म्हणाला. "तुम्हा दोघांचंही बरोबर आहे."

मुलगा इतका खूश झाला की मशीन परत करायचं त्याच्या लक्षातच राहिलं नाही. राहिलं असतं तरी बोलायला जागा नव्हती. माणूस पेटी उचलून निघाला. दारात त्याने काकूंना हलक्या आवाजात विचारलं, असं एखादं आमच्या दुकानात बसवता येईल का. आमच्या मालकांनाही बटणं फिरवून 'जरा बघायची' फार सवय आहे.

संध्याकाळी जिन्यात काका भेटले. हातात त्यांचा जुना रेडिओ. समोर दोन बटणांच्या जागा, त्यातली एक रिकामी. तिथे नुसती दांडी.

मी त्या दांडीकडे बघितलं. मग काकांकडे.

"पलंगाखाली शोधलं, माळ्यावर शोधलं," ते म्हणाले. "मग मशीनवर सापडलं."

"मग तुम्ही रोज फिरवता ते?"

"मी फिरवलं की ती गालात हसते. तिला वाटतं, मला दिसत नाही." त्यांनी रेडिओ दुसऱ्या हातात घेतला. "कपडेखोलीतून घरी यायची तेव्हा हसण्याइतकी ताकद नसायची तिच्यात. टोपीखालच्या खऱ्या बटणाला आता मी हात लावत नाही. तू तिला सांगू नकोस हं."

मी मान हलवली.

रजई पुरी झाली तेव्हा काकूंनी ती मला बघायला बोलावलं. वळणंवळणं, पानं, लाटा. मी दोन्ही बाजू नीट बघितल्या. कापडं रंगीबेरंगी, पण सगळा दोरा करडा होता. जांभळ्याचा एक टाका नव्हता. शेवाळीचाही नव्हता. इतके दिवस मी फक्त गुंते बघत होते, दोऱ्याचा रंग नाही. माझ्या डोक्यात काहीतरी टक्क झालं.

काकू नवं कापड अंथरत होत्या. रिळांचा डबा त्यांनी माझ्यापुढे सरकवला.

"या वेळी कुठला रंग लावू गं?"

मी डब्यात बराच वेळ बघितलं. दोन रिळं उजेडात धरली. एक परत ठेवलं.

"पोपटी," मी म्हणाले.

"छान," काकू म्हणाल्या आणि मान खाली घातली.