बेंगळूरूच्या गाडीतली पोरगी

ये गं सूनबाई, अशी जवळ बस. परक्या माणसाशी कामून बोलता, म्हणून मलाच दटावायलीस व्हय? ऐक तर.

बेंगळूरूहून बिदरला येताना रेल्वेत माझ्यासमोर एक पोरगी बसली होती. लांब इथिओपियाची. बेंगळूरूत, आपल्या कर्नाटकाच्या राजधानीत शिकायला आलेली, सुट्टीत बिदरचा किल्ला बघायला एकटीच निघालेली. बारीक बारीक वेण्या, मांडीवर जाडजूड पुस्तक. फोन वाजला की आधी डोळे पुसायची, मग हसून बघायची, मगच उचलायची.

मी कडक भाकरी आन् शेंगाची चटणी पुढं केली. खाता खाता मोडक्या हिंदीत म्हणाली, "आजी, आई म्हणायलीय, तिथं तुझं कुणी न्हाई, शिक्षण सोड आन् घरी ये. माझं एकच वर्ष राहिलंय."

तेवढ्यात आईचा फोन आला, तोंड दिसणारा. पोरगी पटकन उठून माझ्या खांद्याला चिकटली. मी भाकरीचा तुकडा तिच्या तोंडात घातला आन् फोनात बघून आपल्या मराठीतच सांगितलं, "बाई, काळजी करू नको. पोरगी माझ्यापाशी हाय."

तिला काय कळणार आपली भाषा? पण ती माउली रडली, हसली, लेकीशी कायतरी बोलली.

"काय म्हणली गं?"

"परीक्षा देऊनच ये म्हणली."

मी खोटं न्हाई बोलले गं. त्या वेळी ती माझ्यापाशीच होती की. उतरताना तिचा हात धरून म्हणलं, "किल्ला कुठं पळून जायलाय? आधी हुलसूरला आमच्या घरी ये. लवकर ये."