जाऊबाईंच्या हातचा जोड

जाऊबाईंच्या हातचा जोड कधी सुटत नाही, असं आमच्या कारखान्यात सगळे म्हणायचे. ऐकून ऐकून माझे कान किटले होते, खोटं कशाला बोलू. काम तसं एवढंसं. केसाएवढी काचेची तार चिनीमातीच्या इवल्याशा नळीत गोंद भरून बसवायची आणि भट्टीत ठेवायची. त्याच तारेतून फोन, इंटरनेट सगळं जातं. अठरा वर्षं त्यांनी हेच केलं. तार बसवताना श्वाससुद्धा रोखून धरायच्या.

त्या मेल्या गोंदानंच त्यांचे हात खाल्ले. आधी खाज, मग भेगा, मग रक्त. डॉक्टर म्हणाले, हे काम सोडा. सोडून काय करणार? दीर अंथरुणाला खिळलेले, माझ्या नवऱ्याच्या कामाचा नेम नाही. साहेबांना कळलं तर घरी बसवतील म्हणून त्या हात लपवायच्या. मला बघवेना. मी मलमाची डबी आणून दिली. म्हटलं, "हे चोळा आणि वर हातमोजे घाला. कुणाला पत्ता लागणार नाही."

दोन महिन्यांनी माल परत आला. दमट उष्णतेत तारा नळीतून मागे सरकल्या होत्या. साहेबांनी गोंद कालवणाऱ्या बाईवर खापर फोडलं. ती बिचारी रडून रडून अर्धी झाली.

सुटलेले जोड तपासायला माझ्याकडे आले, सूक्ष्मदर्शकावर मीच बसते ना. प्रत्येक जोडावर तो करणारीचा नंबर असतो, आणि या सगळ्यांवर जाऊबाईंचाच. काचेवर तेलकट थर होता, गोंदानं धरलंच नव्हतं. मी जाऊबाईंना बोलावलं. जाऊबाईंनी भिंगातून पाहिलं, मग स्वतःच्या बोटांकडे. मलमाच्या हातांनी हातमोजे चढवले की ते बाहेरूनही माखणारच. एवढी साधी गोष्ट, दोघींच्याही डोक्यात आली नाही.

"गप्प बसा," मी म्हटलं. "गोंदावर गेलंय ना, जाऊ दे."

"त्या बाईला काढतील, धाकटे."

त्या साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या आणि हातमोजे काढून दोन्ही हात टेबलावर ठेवले. मी दारातच उभी होते.

"मलम लावायला कुणी सांगितलं?" साहेबांनी विचारलं.

"कुणी नाही. माझं मीच आणलं."

मी तोंडाळ बाई, पण तेव्हा दाराआड सरकले. त्याच दुपारी त्यांना काढलं.

आता घर माझ्या एकटीच्या पगारावर चालतं. त्यांच्या खुर्चीवर साहेबांनी मला बसवलंय. परवा माझ्या अंगठ्याला खाज सुटली. जाऊबाईंनी माझा हात उजेडात धरून पाहिला.

"उद्या साहेबांना सांग," त्या म्हणाल्या.

मी अजून सांगितलेलं नाही.