साडूंची भूक

आमच्या बिदर जिल्ह्यात आजवर जेवढी माणसं जेवून उठली, त्यांत माझ्या थोरल्या साडूंइतकं मनापासून कुणी जेवलं नसेल. पहिला घास घेताना ते डोळे मिटत आणि वाढणारा समोर परीक्षेला बसल्यासारखा उभा राही. औरादच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं गणित शिकवलं, तेही पोळीचे तुकडे करून. त्यांचे विद्यार्थी अजून अपूर्णांक म्हटलं की तूप मागतात. माझ्या भावासाठी मुलगी पाहायला गेलो, तेव्हा मुलगी बाहेर यायच्या आधीच त्यांनी वरणावरून स्थळ पसंत केलं होतं. संसार वीस वर्षं झकास चाललाय, त्यामुळे त्यांना बोलायचीही सोय राहिली नाही. अर्थात मीही काही उपाशी मोजला जाणारा माणूस नाही. लग्नाच्या फोटोत काठाला उभा केला, तरी मी मध्यापर्यंत पोचतो.

पण साडूंचं वजन एकशे अठरावर गेलं आणि गुडघ्यांनी असहकार पुकारला. साखर तर आधीपासून होतीच. बिदरच्या डॉक्टरांनी त्यांना भूक आवरणारी ती नवी सुई सुरू केली, आठवड्यातून एकदा, पोटात. पहिला महिना मळमळीत गेला. मग एका सकाळी बिदरच्या नौबाद भागातल्या त्यांच्या घरी ते मला हळूच म्हणाले, ‘‘अरे, उठल्यापास्नं डोक्यात एक बाई सारखी वाढायलीच असायची. ती गप झालीय.’’ वर्षभरात बावीस किलो उतरले. स्वतःच्या घराचा जिना चढून ते गच्चीवर गेले आणि पाण्याच्या टाकीकडे बघून म्हणाले, ‘‘पाच वर्षं हिला नुस्तं आवाजावरून ओळखायलोय.’’ गुण पाहून मीही साडूंबरोबर डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आधी संध्याकाळची भजी बंद करायला सांगितली. औषध सर्वांना सारखं लागू पडत नाही, आणि सोडलं की उतरलेलं वजन बहुतेक परत येतं, हेही त्यांनी बजावलं. साडूंनी यातलं काय ऐकलं, ते पुढं कळलं.

पुढं येळवस आली. आमच्याकडं या अमावास्येला सगळं गाव शेतात जातं, कडब्याच्या कोपीत लक्ष्मी पूजतं आणि एकमेकांच्या शेतात शेंगा-पालेभाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, ज्वारी-बाजरीचे उकडलेले उंडे, ताकातली आंबील खातं. या दिवशी कुणाच्या शेतातून न जेवता निघणं म्हणजे नातं तोडणं. साडूंना एका शेताची धास्ती होती. त्यांच्या शाळेतला जिवलग मित्र अकरा वर्षांपूर्वी गेला. तेव्हापासून त्याच्या बायकोनं, वैनींनी, पहिलं ताट साडूंना वाढायचं आणि त्यांनी घास घेतल्यावर घरच्यांनी बसायचं, असा नेमच होऊन गेला होता. म्हणून या मास्तरांनी डॉक्टरांना न विचारता दोन आठवडे सुईला किरकोळ रजा देऊन टाकली. सुई रजेवर गेली. भूक मात्र कामावर रुजू झाली नाही.

मागच्या तीन येळवशींना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खुर्ची टाकून शेतात जाणारा हा माणूस यंदा बांधावरून माझ्या पुढं चालत होता. धापा मी टाकत होतो. पहिल्या दोन शेतांत त्यांनी घोटभर आंबिलीवर निभावलं. दुसऱ्या शेतातला म्हातारा बोललाच, ‘‘मास्तर, बिदरला राहायलाव न्हवं, आता आमची भज्जी कामून गोड लागंल?’’ साडू हसले आणि वैनींच्या शेताकडं वळले.

वैनींनी ताट वाढलं. सुना, नातवंडं सवयीनं थांबली. साडूंनी उंडा भज्जीत कुस्करला, डोळे मिटले, एक घास घेतला. दुसरा हातातच राहिला. बराच वेळ राहिला. वैनींचा चेहरा उतरत चालला, तसा त्यांनी घास ताटात परत ठेवला.

‘‘वैनी, तुमच्या हाताची चूक न्हाई. त्या सुईनं भूक नेलीय माझी. हितं जेवायचं म्हणून दोन सुया चुकवल्या, तरी आली न्हाई.’’

वैनींनी ताट त्यांच्यापुढून उचललं. मग ते त्यांनी माझ्यापुढं सरकवलं, पोरांना जेवायची खूण केली आणि साडूंसमोर पोतं अंथरलं.

‘‘नका खाऊ. अकरा वर्षं आलाव, खाल्लाव, अन् पुढच्या शेताला गेलाव. बसलाव कधी, अण्णा?’’

साडू बसले. या शेतात त्यांनी मित्राचं नाव घेतलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. त्या दुपारी ते आधी त्यांनीच काढलं. त्याचं शेवटचं आजारपण वैनी सांगत होत्या आणि साडू मान खाली घालून ऐकत होते. मध्येच कशावर तरी दोघंही हसली, मग वैनींनी पदर डोळ्याला लावला. पुढची शेतं राहून गेली. दुसऱ्या दिवशी साडूंनी डॉक्टरांपाशी कबुली दिली, बोलणी खाल्ली आणि सुई पुन्हा सुरू केली.

त्या दुपारी भज्जी फार सुरेख झाली होती. एरवी ते सांगायचं काम साडूंचं. यंदा ते माझ्यावर आलं. मी डोळे मिटून ‘वा’ म्हणालो, दोनदा म्हणालो. पण ताट संपवणं आणि जेवणं यात फरक असतो, हे वैनींनी माझ्याकडं बघून ‘नाही’ अशी मान हलवली तेव्हा मला कळलं.