मावशींच्या पेशी

माण गावातल्या आमच्या घरमालकीण मावशींना बंद दार खपत नसे. भाडेकरूच्या खोलीत त्या खुशाल शिरत, कॉटवर बसत आणि विचारत, "दार लावून काय पुरतीस का काय?" मी नांदेडची, एकटी राहणारी, आधी फार चिडायचे. पुढेपुढे त्या आल्या नाहीत, तर मीच त्यांच्याकडे डोकावून यायचे.

माझ्या प्रयोगशाळेतल्या कामाची त्यांनी पार उलटतपासणी घेतली होती. मी सांगितलं, एका विषाणूचं एवढंसं प्रथिन असतं, त्याच्या अंगावर एक खोबण असते. पेशीतलंच एक प्रथिन त्या खोबणीत नेमकं बसतं आणि मग दोघं मिळून पेशीच्या राखणदाराचा काटा काढतात. बिघडलेल्या पेशीला थांबवणं, वेळ पडली तर मारणं, हे त्या राखणदाराचं काम. तो गेला की पेशी मरण विसरते, वाढतच राहते.

"म्हंजे घरातलाच माणूस फोडला," मावशी म्हणाल्या. "आमच्या जमिनीला बी एजंटानं धाकला दीरच धरला व्हता."

पुढे त्यांनाच गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. तोच विषाणू. मला रडू आवरेना. ऑपरेशनआधी त्यांनी गाठीचा तुकडा आमच्या प्रयोगशाळेला द्यायला आपणहून संमती दिली. "कापून टाकनारच हायेत, तर तुमाला उपेग हू दे." तो तुकडा आमच्याकडे आला, त्याच्या पेशी बशीत रुजल्या, आणि मी ते आनंदाने सांगायला गेले.

"मी मेल्यावर बी जगतील?"

"हो. खाऊ घातलं तर कितीही वर्षं."

"मग मी गेले म्हनायचं का न्हाई? अर्धी हितं अडकून नगं बाई राह्याला."

दुखणं उलटलं आणि मावशी गेल्या.

दहाव्याला घाटावर पिंडाला कावळा शिवेना. मुलाने उरलेलं शेत विकणार नाही म्हणून सांगितलं, लेकीने भावाशी अबोला सोडला. कावळा झाडावरून हलेना. जीव कशात अडकलाय, सगळे एकमेकांना विचारत होते. मला ठाऊक होतं. "पेशी जगवणं बंद करते," एवढंच म्हणायचं होतं. हात जोडले, पण शब्द फुटेना. मावशींचं जिवंत असं तेवढंच उरलं होतं, ते माझ्याच हाताने कसं मारू? शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला.

दुसऱ्या दिवशी कामावर गेले. बशीतला द्रव पिवळा पडला होता, म्हणजे पेशी भुकेल्या होत्या. मी तो काढून ताजा घातला. मग आसपास कोणी नाही असं पाहून हळूच म्हटलं, "मावशी, जेवा."