ओळीच्या शेवटी ठेवलेल्या कळश्या

"हीच गो ती. हिणें आमच्या आजयेक राकसीण केल्या."

"पुस्तकात?"

"पुस्तकात न्हय तर खंय? नववो पाठ. उदक वाटपी बायल, कमरेक चावयो. सगळी आमची आजीच!"

वाचनालयाच्या मागच्या खोलीत मी पर्स ठेवायला गेले होते. प्लायवूडच्या पलीकडे दोन मुली कागदी बशांत भजी वाढत होत्या. एकीचा आवाज ओळखीचा नव्हता, पण 'आमची आजी' म्हणजे कोण हे लगेच कळलं. ती आजी बाहेर पहिल्या रांगेत, पंख्याखाली बसली होती. मघाशी मी वाकून नमस्कार केला तेव्हा तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला होता आणि काही बोलली नव्हती. मला वाटलं, वयामुळे ओळखलं नसेल.

मी पर्सची चेन दोनदा लावली आणि दोनदा उघडली. अजून अर्ध्या तासात माझ्या पुस्तकातलं तेच नववं प्रकरण मला गावासमोर वाचायचं होतं.

माझं पुस्तक इंग्रजीत आहे, कॉलेजातल्या आणि त्याहून लहान मुलांसाठी. त्यात पुढे कधीतरीचा गोवा आहे. नद्या खाऱ्या झाल्यात, डोंगरांच्या जागी खड्डे आहेत, आणि उंच भिंतीआड एक वस्ती आहे जिथे पाणी फक्त एका बाईच्या हुकमाने मिळतं. सोळा वर्षांची मुलगी तिच्याविरुद्ध उभी राहते. शाळेत असताना मी अशा कथा अधाशासारख्या वाचल्या. म्हापशाच्या इंग्रजी शाळेच्या बसमध्ये खिडकीजवळची जागा आणि मांडीवर पुस्तक, एवढ्यावर माझी दहा वर्षं गेली. त्या कथांतली मुलगी शेवटी सगळ्यांसमोर बोलायची. मी वर्गात हजेरीलासुद्धा हळू आवाजात 'येस' म्हणायचे.

अशा कथांत पाणी ज्याच्या हातात असतं तो माणूस वाईट असतो. मला तो शोधावा लागला नाही. नऊ वर्षांची असताना मी त्याला आमच्या जनेलातून, म्हणजे खिडकीतून, दिवसाआड बघत होते. फक्त तो माणूस नव्हता, शेजारची काकी होती, आज पंख्याखाली बसलेली तीच.

आमचं गाव डिचोली तालुक्यात. त्या वर्षांत खाण इतकी खोल गेली होती की उन्हाळा सुरू व्हायच्या आतच आमच्या वाड्यावरच्या विहिरींचे तळ दिसायचे. मग टँकर यायचा. तो वडाखाली उभा राहायचा आणि काकी तिथे आधीच असायची. तिला कोणी नेमलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी बायकांची झोंबाझोंबी झाली, एकीची कळशी चेपली, आणि दुसऱ्या खेपेला काकीने सगळ्यांना सांगितलं, माणसांनी उभं राहायचं नाही, कळश्या उभ्या करा. तेव्हापासून सकाळीच वडाखाली कळश्यांची ओळ लागायची आणि माणसं आपापल्या कामाला जायची. कुठली कळशी कुणाची हे तिला पोचे बघून कळायचं.

टँकर आला की ती आधी शिडीवरून वर चढायची. साडीचा काष्टा, कमरेला चाव्या, तोंडात पानाचा तुकडा, हातात लांब बांबू. झाकण उघडून बांबू आत सोडायचा आणि ओला भाग ड्रायव्हरला दाखवायचा. "अर्दें खंय विकून आयलो रे?" ती वरूनच ओरडायची. ड्रायव्हर हसण्यावारी न्यायचा, पण पुढच्या वेळी बांबू वरपर्यंत भिजायचा.

ट्रकवर काम करणारी सिंधुदुर्गातली काही कुटुंबं वाड्याच्या टोकाला भाड्याच्या खोल्यांत राहायची. त्यांच्याकडे कळश्या नव्हत्या, रंगाचे रिकामे डबे होते. पाणी गावचं आहे, त्यांचं नव्हे, असं दोघा-तिघांनी म्हटलं. काकीने त्यांचे डबे स्वतः उचलून ओळीत ठेवले, टोकाला नाही, मध्येच. "हे काय धूळ खाऊंक गावांत आयले?" एवढंच बोलली. कळशी ती काठोकाठ भरायची नाही. गळ्यापर्यंत भरून पुढची ओढायची, कारण काठोकाठ भरलेली घरी जाईतो सांडते.

हे सगळं मी बघितलं होतं. मला तिची भीती वाटायची आणि तिच्यावरून डोळे हलायचे नाहीत. पुस्तकात तिचा बांबू आला, चाव्या आल्या, आवाज आला. माझ्या संपादिकेने कळवलं होतं की अख्ख्या पुस्तकात सगळ्यात जिवंत ही बाईच आहे. मला त्याचा आनंद झाला होता.

आणि मग ते बारा दिवस. त्या उन्हाळ्यात माझे आजोबा गेले. घरात माणसं येत होती, पण कोणी आमच्याकडे चहासुद्धा घेत नव्हतं. वडाखाली आमच्या कळश्यांची जागा नेहमी तिसरी-चौथी असायची. त्या दिवशी त्या ओळीतून काढून अगदी शेवटी, हातभर अंतर सोडून ठेवलेल्या मला जनेलातून दिसल्या. टँकर आला. सगळ्यांच्या भरल्या. आमच्या त्यानंतर. आई माझ्या मागे उभी राहून पदराने डोळे पुसत होती. मला वाटलं, हे त्या कळश्यांमुळे. पुढच्या खेपेला तसंच, आणि त्याच्या पुढच्याही. मी कोणाला काही विचारलं नाही. शाळेत शिकवलं होतं की आधी येईल त्याचा नंबर आधी, आणि तो मोडणारा अन्याय करतो.

नवव्या प्रकरणात पाणी वाटणारी बाई मेलेल्या माणसाच्या घरची भांडी पायाने ढकलून शेवटी लावते आणि म्हणते, "मेल्याच्या घराला घाई कसली?" ते वाक्य मी रचलेलं. ते सुचलं तेव्हा मी स्वतःवर खूश होऊन खुर्चीतून उठले होते.

मागच्या खोलीतून मी सभागृहात आले आणि आईशेजारी जाऊन बसले. सभागृह म्हणजे वाचनालयाचीच मोठी खोली. मासिकांचं मेज भिंतीला सरकवलेलं आणि तीस-चाळीस खुर्च्या. अध्यक्ष, म्हणजे गावच्या शाळेतले निवृत्त सर, माइक ठोकून बघत होते.

"आई," मी हळूच विचारलं, "आजो गेलो तेन्ना आमच्यो कळश्यो शेवटाक कित्याक दवरताली काकी?"

आईने माझ्याकडे असं बघितलं जसं मी विचारलंय की सकाळी सूर्य कुठून येतो. "सुतक न्हय आमकां? बारा दीस."

"म्हणून शिक्षा?"

"कसली शिक्षा गो?" आईचा आवाज वाढला तसा तिने खाली घेतला. "सुतकातल्या घरान टँकराच्या पायपाक हात लावचो कसो? म्हातारे सगळे थंयच बसलेले. कोण तरी म्हणालो, तांच्या घरच्या दादल्यान नदीर वचून हाडूं दी उदक. तुझो बाबा त्या वेळार तापान पडिल्लो. तर ही म्हणाली, मेलो तो मेलो, जित्यांक तान लागतली मगो? तांच्यो मी भरतां. पूण आमच्यो कळश्यो हातांत घेतल्यो की तिका सुतक लागलें. मगीर न्हाल्याबगर दुसऱ्यांच्यो कशी भरतली? म्हणून पयलीं वाड्याच्यो, मगीर आमच्यो."

"आनी तिच्यो?"

"तिच्यो सदांच शेवटाक. आमच्याय मगीर. तिका सुतक, म्हणून तेन्ना सून पायप धरताली. टँकराच्या तळाचें गढूळ उदक येतालें, तातूंतलीच एक बाल्दी घेवन ती आंब्याकडेन न्हाताली. तशीच घरांत कशी वचतली?" आईने पहिल्या रांगेकडे मान वळवली. "बारा दीस. रडूं येतालें माका. तुका खबर नासलें?"

"कोणें सांगूंक ना."

"तुवें विचारलें खंय?"

 मी पहिल्या रांगेतल्या काकीच्या पाठीकडे बघितलं. अंबाड्यात अबोलीच्या फुलांची फाती माळलेली होती, मानेवरची कातडी सैल झाली होती. वाड्यातल्या सगळ्या जुन्या माणसांसमोर सुतकाचा नियम तिने मोडला नव्हता, आणि आम्हाला तहानेलंही ठेवलं नव्हतं. दोन्हींच्या मधली जागा तिने शोधली होती, आणि तिथे स्वतः जाऊन उभी राहिली होती. माझ्या तीनशे पानांत असं डोकं असलेलं एकही माणूस नव्हतं. माझी नायिका भिंत फोडते. काकीने भिंतीला हातही न लावता पाणी पलीकडे पोचवलं होतं.

मी उठून अध्यक्षांकडे गेले. "सर, मी नववं प्रकरण नाही वाचत. पहिलं वाचते. तेही मराठीत केलेलं आहे."

"अहो, पण पत्रिकेत नववं छापलंय," ते म्हणाले. त्यांचा हात माइकवर नव्हता, त्यामुळे ते सगळ्या खोलीला ऐकू गेलं.

"बदलूक नाका!" पहिल्या रांगेतून काकी बोलली. "नववोच वाच, गो चेडवा. माझी नात म्हणटा तो पाठ माझो. वाड्याक कळूं दी मी कितकी वायट ती."

लोक हसले. तिची नात भज्यांच्या बशा घेऊन दारात उभी होती, ती मान खाली घालून परत आत गेली. काकी मात्र गंमत करत नव्हती. पदर नीट करून ती खुर्चीत पुढे सरकून बसली, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि एक कान माझ्याकडे केला. तिला इंग्रजी येत नाही. त्या पुस्तकात तिच्याबद्दल काय लिहिलंय हे तिला गेले कित्येक दिवस नातीच्या तोंडून तुकड्या-तुकड्यांनी कळत होतं. आता ते पूर्ण ऐकायला ती सगळ्या गावासमोर येऊन बसली होती. मी तिच्या जागी असते तर घरी राहिले असते.

मी वाचायला लागले. कागद मी माइकजवळच्या मेजावर ठेवले.

"'तिच्या कमरेला सात किल्ल्या होत्या...'"

"साती खंयच्यो?" काकी लगेच म्हणाली. "दोनच. एक कपाटाची, एक तांदळाच्या पेटयेची."

"बाकीच्यो पांच लेखिकेन घातल्यो!" मागून कुणीतरी ओरडलं आणि खोली हसली. मीही हसले, नाइलाजाने.

"'कुणाला किती पाणी द्यायचं हे ती नुसत्या नजरेने ठरवायची.'"

"नजरेन न्हय, बांबून," काकी म्हणाली.

"ड्रायव्हर त्या बांबूक भियेतालो!" एक म्हातारे गृहस्थ टाळी देत म्हणाले. "आमच्या वाड्याक टँकर भरून येतालो, बाकीच्यांक अर्दो!"

"बरो भियेतालो. भियेवंक नासलो जाल्यार तू न्हातालो कशान?"

पुन्हा हशा. वातावरण असं हलकं झालं होतं की मला वाटलं, पुढचं पान गाळून टाकावं, कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण दारात नात पुन्हा येऊन उभी होती, आणि तिला ते पान पाठ होतं हे तिच्या तोंडावर दिसत होतं. गाळलं असतं तर घरी गेल्यावर तिने आजीला सांगितलंच असतं. मग मी लपवलं म्हणजे ते खरं होतं, असाच अर्थ झाला असता.

मी ते पान वाचलं. मेलेल्या माणसाचं घर. पायाने ढकललेली भांडी. आणि ते वाक्य, "मेल्याच्या घराला घाई कसली?"

कोणी हसलं नाही.  मागे आईची खुर्ची करकरली.

मला वाटलं होतं काकी रागावेल, निदान उठून जाईल. ती तशीच बसून राहिली. कपाळाला आठ्या घालून ती समोरच्या मेजाकडे बघत होती, हरवलेली वस्तू कुठे ठेवली ते आठवावं तशी. मग तिने मान वर केली. तिच्या आवाजात मघाचा टवाळपणा काही उरला नव्हता.

"हें मी म्हणिल्लें?" तिने विचारलं. "तुझ्या आज्याच्या वेळार?"

ती मला जाब विचारत नव्हती. खरंच विचारत होती. लिहिलेलं आहे, छापलेलं आहे, शिकलेल्या मुलीने लिहिलंय, म्हणजे आपण कदाचित म्हटलंही असेल, एवढ्या वर्षांपूर्वीचं कुठलं आठवणार, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. ती स्वतःला दोषी धरायला निघाली होती, आणि ते थांबवू शकणारी माणसं त्या खोलीत दोनच होती. आई बोलली असती. पण तिने फक्त माझ्याकडे बघितलं.

मी माइकपासून बाजूला झाले. कागदावरची मराठी तिथेच राहिली, बाहेर आली ती घरातली भाषा.

"ना, काकी," मी म्हणाले. "तुमी तशें कधींच म्हणूंक ना. तें मी रचलें. आजो गेलो तेन्ना बारा दीस आमच्यो कळश्यो तुमी भरल्यो, आनी मी जनेलांतल्यान बघत आसलें."